विषय क्रमांक चौदा : खुर्च्यांची दुरुस्ती

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझी कंबर कशी आहे? नवीन डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार हे मला माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल उत्तरात खोटं लिहू नकोस. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी बरी आहे आणि तुझे मेहुणे प्रसिद्ध आहेत.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, तुमच्या लाँड्रीत राजकारण चालतं असं कानावर आलं ते खरं का. शिवाय असंही लिहिलं होतंस, की दुसऱ्यांच्या कारभारावर बोलत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, त्याने आजवर कोणाचं भलं झालंय. दादा, चार महिन्यांपूर्वी मी अगदी हेच म्हणत होते, आणि तेही हातात गरम इस्त्री धरून. त्यामुळे तुला लगेच खोडून काढत नाही. सगळं पहिल्यापासून लिहिते. वाचताना मध्ये उठू नकोस.

ह्यांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषणा केल्या, हे तुला माहीतच आहे. काचेची ती खोली, समोर मायक्रोफोन, आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा लागणार, की लागणारच नाही, हे दिवसभर सांगायचं. गावातल्या निम्म्या लोकांनी ह्यांचा चेहरा कधी पाहिलेला नाही, पण आवाज असा अंगात भिनलेला की बाजारात हे नुसतं ‘अर्धा किलो’ म्हणाले तरी शेजारी उभी असलेली बाई पिशवी उचलून धावायला लागते. नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही, ‘आवाज’ म्हणतात. (मला आवाजबाई म्हणतात. मी कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं मला तरी आठवत नाही.) तर हे निवृत्त झाले, आणि मायक्रोफोन तिथे राहिला, आवाज मात्र घरी आला. सकाळी साडेसहाला गादीवर उठून बसायचे आणि जाहीर करायचे, की न्हाणीघर सध्या रिकामं असून प्रवाशांनी आपापल्या सामानासह पुढे यावं. दूध ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिराने तापत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. घरात प्रवासी मी एकटी. दोन महिने सोसलं आणि एका गुरुवारी सांगून टाकलं, की अकरा ते पाच कुठेही जा, पण जा. हे निघाले आणि समोर नगरपालिकेचं दार उघडं दिसलं, आत पंखा चालू दिसला, म्हणून आत शिरले. लोकशाहीवरच्या प्रेमापोटी वगैरे काही नाही, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

पालिकेच्या सभागृहात नागरिकांसाठी वर एक सज्जा आहे. नियमाप्रमाणे ठेवावा लागतो म्हणून ठेवलाय, आणि त्या दिवसापर्यंत त्यात दोन जुनी कपाटं आणि एक मोडकी शिडी एवढीच जनता बसत असे. दारावरच्या शिपायाने ह्यांना विचारलं, कोण हरवलंय. हे म्हणाले, कोणी नाही, सभा ऐकायला आलोय. तो इतका घाबरला की वर विचारून येतो म्हणून गेला आणि परत आला तेव्हा सभा संपली होती. पुढच्या गुरुवारी मात्र त्याने कपाटं सरकवून जागा करून दिली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला हे दुकानात आले. मी एका शर्टाची कॉलर करत होते. हे काउंटरपाशी स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळी सभा मला सांगितली, त्यांना येतं त्या एकाच पद्धतीने. उत्तरेकडच्या वस्तीची जलवाहिनी, विषय क्रमांक सात, गेल्या नऊ महिन्यांपासून येण्याची अपेक्षा असून तांत्रिक कारणामुळे आजही सुटलेली नाही. उद्यान समिती उपाहारगृहात थांबून आहे, ती केव्हा निघेल ते सांगता येत नाही. प्रभाग दोनचे सदस्य मुद्द्यापासून निघाले होते, ते अद्याप कुठेही पोचल्याची खबर नाही.

दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. कपडे घेऊन झाले तरी ती हलेनात. दादा, या गावाने एकतीस वर्षं त्या आवाजावर भरवसा ठेवून डबे बांधलेत, मुलं शाळेत पाठवलीत. तोच आवाज जलवाहिनी सुटलेली नाही म्हणाला, तर लोकांना ती एकदम आपल्याच सामानासारखी वाटायला लागली. शिवाय हे नुसतं घडलं तेवढं सांगून थांबले असते तर भागलं असतं, पण ह्यांनी अर्थही सांगायला सुरुवात केली. उपसमिती नेमली म्हणजे गाडी डेपोत गेली. परत येईल, पण कधी ते विचारायचं नसतं. ‘विचाराधीन’ म्हणजे गाडी उभी आहे पण चालक नेमलेला नाही. ‘तत्त्वतः मान्य’ म्हणजे पाटी लावली, चाकं लावायची राहिली. पालिकेची भाषा आम्हाला इतकी वर्षं कळली नव्हती, ती अशी तीन गुरुवारांत कळायला लागली.

मग गर्दी. ज्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे नव्हते ते इस्त्री केलेले कपडे घेऊन यायला लागले. (एका माणसाने एकच शर्ट सहा वेळा आणला. सातव्या वेळी मी त्याला सांगितलं, तुम्ही तसेच या, शर्टाचा जीव घेऊ नका.) समोरचा न्हावी दुकान उघडं टाकून यायचा आणि त्याच्या मागोमाग त्याचं गिऱ्हाईक, गळ्याला कापड, एका गालाला साबण. गणिताच्या बाई कोपऱ्यात उभ्या राहून ह्यांचे आकडे तपासायच्या आणि चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. ह्यांना ते लागायचं, पण पुढच्या वेळी आकडे नीट लिहून आणायचे. सुरुवातीला लोक हसायला येत होते हे खरं. नंतर ते विचारायला लागले, आणि विचारता विचारता स्वतःच सज्ज्यात जाऊन बसायला लागले. शिपायाने शिडी गच्चीवर नेऊन ठेवली.

प्रभाग सहाच्या सदस्यांचं तुला सांगायलाच हवं. सज्जन माणूस, पण नऊ वर्षांत सभागृहात एक अक्षर बोललेला नव्हता. हे प्रत्येक गुरुवारी न चुकता सांगायचे, की प्रभाग सहाचे सदस्य अजून फलाटावर लागलेले नाहीत. एकदा त्यांची आई चादर घेऊन आली होती. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी ते ऐकलं, चादर तशीच काखेत मारली आणि घरी गेल्या. मुलाला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण पुढच्या सभेत ते उभे राहिले, बराच वेळ घसा साफ केला आणि म्हणाले, “खिडकी उघडा.” खिडकी उघडण्यात आली. सज्ज्यातून टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली. आणि संध्याकाळी ह्यांनी त्या दोन शब्दांवर बारा मिनिटं भाष्य केलं: नऊ वर्षं ती खिडकी बंद का होती, इतरांना उकडत नव्हतं का, आणि उकडत होतं तर एकवीस माणसं कोणाची वाट पाहत होती.

मला हे आवडत होतं असं समजू नकोस. माझं दुकान कपड्यांचं आहे. कोणाचा पायजमा कोणाच्या गठ्ठ्यात जाऊ लागला. खुणेच्या शाईने मी एकदा कॉलरच्या आत नंबराऐवजी ‘विचाराधीन’ लिहिलं. मी ह्यांना रोज म्हणायचे, बास करा, याने काय होणार आहे, पाइप तुमच्या बोलण्याने जमिनीत जाणार आहे का.

मग पालिकेने नियम काढला. तो मी तुला जसाच्या तसा लिहून पाठवते, म्हणजे मी मनाचं सांगतेय असं तू म्हणणार नाहीस: ‘सज्ज्यात बसून ऐकलेली माहिती ही पालिकेची मालमत्ता असून नागरिकांनी ती बाहेर नेऊ नये. परत जाताना ती दारावर जमा करावी.’ दारावर शिपायाला टेबल दिलं, जाडजूड वही दिली. आता दुसरा कोणी असता तर हसून निघून गेला असता. पण ह्यांची नोकरी एकतीस वर्षांची, लेखी नियम दिसला की पाय आपोआप जुळतात. त्या गुरुवारी हे वहीसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळी सभा पहिल्या विषयापासून शिपायाकडे जमा केली. शिपायाचं अक्षर सुंदर आहे. त्याने तेवढ्याच सुंदर अक्षरात ती उतरवून घेतली आणि पोच दिली. मागे रांगेत तेवीस माणसं होती, त्यांनीही आपापलं जमा केलं. गणिताच्या बाईंनी तर आधीच्यांनी जमा केलेल्यातल्या चुकाही जमा केल्या.

हे दुकानात आले तेव्हा आत-बाहेर मिळून चाळीस माणसं उभी होती. मी म्हटलं, सांगा. हे म्हणाले, “जमा केलं.” आणि स्टुलावर बसून राहिले. लोक थोडा वेळ थांबले, मग एकेक करून गेले. दादा, मला चार महिने हवी होती ती शांतता मिळाली आणि मला इस्त्री करवेना. शुक्रवारी शांतता, शनिवारी शांतता. घरीसुद्धा दूध तापलं की नाही हे कोणी सांगेना. हे खिडकीशी बसून पोच हातात धरून बघत राहायचे. रविवारी मी एका शर्टाची बाही जाळली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी अध्यक्षांचा कोट आला. अध्यक्षांचा कोट एकच, राखाडी, दर सोमवारी येतो. माणूस वाईट नाही, कोटाच्या खिशात नेहमी दोन लवंगा आणि नीट घडी केलेला रुमाल. आमच्या धंद्यात कपडा पाण्यात जाण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघावा लागतो, नाहीतर एक पेन बारा शर्टांचा सत्यानाश करतं. उजव्या खिशात लवंगा निघाल्या आणि डाव्या खिशात येत्या गुरुवारची विषयपत्रिका. मी ती बाजूला ठेवणार होते. खरंच ठेवणार होते. पण घडी उघडी पडली आणि शेवटचा विषय दिसला. क्रमांक चौदा : खुर्च्यांची दुरुस्ती. ‘सभागृहातील बावीस खुर्च्या बसण्यास अयोग्य झाल्याने त्यांची दुरुस्ती करणे, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत नवीन सदस्यांवर उभे राहण्याची वेळ येऊ नये यासाठी निवडणूक पुढे ढकलणे, व तोपर्यंत विद्यमान सदस्यांनी गैरसोय सोसून त्याच खुर्च्यांवर बसून राहणे. दुरुस्तीचा कालावधी : दुरुस्ती होईपर्यंत.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांची दयाच आली, इतकं छान लिहिलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना इस्त्री बंद केली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर खाली बसले. ह्यांना दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, दुसऱ्याच्या खिशातलं आहे, जमा कर. आणि ते खरंही होतं. गिऱ्हाइकाच्या खिशात मी आजवर काय काय पाहिलंय दादा, पण या कानाचं त्या कानाला कळू दिलेलं नाही. म्हणून मी कोट धुतला, इस्त्री केला, लवंगा आणि कागद होते तिथे ठेवले आणि मंगळवारी सकाळी स्वतः पालिकेत नेऊन दिला. अध्यक्षांच्या हातात कोट देऊन विचारलं, की तुमच्या खिशातला कागद मी पाहिलाय, तो सगळ्यांसाठी फळ्यावर लागणार आहे का.

“लागलेला आहे,” ते म्हणाले, आणि मला बाहेर घेऊन गेले.

फळा होता. भिंतीकडे तोंड करून टांगलेला.

“उन्हाने शाई उडते,” अध्यक्ष म्हणाले.

“मग लोकांनी वाचायचं कसं?”

“ज्यांना वाचायचं असेल त्यांनी अर्ज करावा.”

“अर्ज कुठे मिळतो?”

“त्याची माहिती फळ्यावर आहे.”

ते हे अगदी सौजन्याने बोलत होते, मला जिना उतरताना सांभाळून जा असंही म्हणाले आणि कोट अंगात चढवून आत गेले. मी फळ्यापाशी उभी राहिले. पाच किलोची इस्त्री दिवसभर उचलणाऱ्या बाईला फळा तो काय जड. एक बाजू धरली, पण खिळा अडकत होता. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी धरलं. शिपाई होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या घड्याळाकडे बघत होता, जणू हात त्याचे नव्हतेच. फळा फिरला. चौदावा विषय उजेडात आला. मी तिथे उभी राहून तो अक्षर न् अक्षर उतरवून घेतला, आणि आता तो कोणाच्या खिशातला नव्हता.

फळा फिरल्याचं ऐकून संध्याकाळी सहाला दुकानापुढे पुन्हा लोक जमले, तेव्हा मी पायरीवर उभी राहून तो वाचला. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, पाचव्या माणसाला ऐकू जात नाही. पण मागचे पुढच्यांना विचारून घेत होते. वाचून झालं आणि सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे उठले. हा कागद ह्यांनी सज्ज्यात ऐकलेला नव्हता, त्यामुळे जमा करण्याचा प्रश्न नव्हता. तो हिशेब ह्यांच्या डोक्यात चाललेला मला दिसत होता. मग हे बोलले, आणि दादा, फलाटाच्या आवाजात नाही बोलले. घरात कोणी आजारी असताना बोलतात तशा आवाजात बोलले.

“मी एकतीस वर्षं तुम्हाला गाडी उशिरा आहे एवढंच सांगितलं. का उशिरा आहे ते कधी सांगितलं नाही. मला कोणी सांगत नव्हतं, आणि मीही विचारत नव्हतो. तुम्ही बाकांवर बसून राहायचात, म्हातारी माणसं, लेकरं, आणि मी काचेच्या आत दिलगीर असायचो. या कागदात लिहिलंय की पुढची गाडी येणार नाही, आणि का, तर बाकं मोडलीत. आता का ते आपल्याला माहीत झालंय. पुढे काय करायचं ते मला सांगता येणार नाही. ते कधी माझं काम नव्हतं.”

गणिताच्या बाईंनी विचारलं, किती खुर्च्या म्हणालात? बावीस. बाई म्हणाल्या, आपल्या एकट्या गल्लीत बावीसपेक्षा जास्त खुर्च्या आहेत. एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

गुरुवारी बारा वाजता पालिकेच्या दारात दीडशेच्या वर माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात, डोक्यावर किंवा खांद्यावर खुर्ची होती. घडीच्या खुर्च्या, वेताच्या, शाळेतली बाकडी, दातांच्या डॉक्टरांचं चाकं असलेलं स्टूल. न्हाव्याने आपली फिरती खुर्ची आणली होती, तिला चार माणसं लागली, आणि पाचवा त्यात बसलेला होता, कारण त्याची अर्धी दाढी राहिली होती. प्रभाग सहाच्या सदस्यांच्या आईंना लोकांनी आरामखुर्चीसकट उचलून आणलं. दारावरचा अधिकारी म्हणाला, हे चालणार नाही. शिपायाने नियम काढून वाचला आणि म्हणाला, “बाहेर नेऊ नये असं लिहिलंय साहेब. आत आणू नये असं कुठे आहे?” तो अधिकारी नियम दोनदा उलटून पाहून बाजूला झाला.

सभागृह असं भरलं की सदस्यांना बाहेर पडायला वाट राहिली नाही. त्यामुळे या वर्षात पहिल्यांदाच बावीसच्या बावीस सदस्य शेवटच्या विषयापर्यंत हजर होते. (उद्यान समितीने दोनदा उपाहारगृहाकडे जाण्याचा प्रयत्न केला, पण पुढे आरामखुर्ची होती आणि तिच्यात आजी होत्या.) चौदावा विषय आला. गर्दीतल्या एका सुताराने हात वर करून विचारलं, खुर्च्या बघू का. नाही म्हणायला कारण सुचण्याआधी तो वाकला होता. त्याने सगळ्या खुर्च्या हलवून पाहिल्या, सदस्यांसकट. एकीचाही पाय हलत नव्हता. एक कुरकुरल्यासारखी वाटली, पण ती खुर्ची नव्हती, प्रभाग अकराच्या सदस्यांचा गुडघा होता. मग प्रभाग सहाचे सदस्य उभे राहिले. या वेळी त्यांनी घसा साफ केला नाही. आईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “खुर्च्या आल्यात. निवडणूक घ्या.”

मतं पडली. तेरा विरुद्ध नऊ. विषय क्रमांक चौदा फेटाळला. निवडणूक ठरल्या तारखेला, पुढच्या महिन्यात आहे. टाळ्या वगैरे झाल्या, पण मला आठवतं ते वेगळंच. हे सज्ज्यात होते, आणि सगळा गाव वळून वर बघत होता, की आता आवाज काहीतरी म्हणेल. हे रुमालाने चष्मा पुसत बसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मी खाली कोणाच्या तरी घडीच्या खुर्चीवर उभी राहून रडत होते, हे वहिनींना सांगितलंस तरी चालेल.

जमा करण्याचा नियम आपोआप निकालात निघाला. दीडशे माणसांनी एकाच सभेतलं जमा करायचं ठरवल्यावर शिपायाने सहा नव्या वह्या मागितल्या आणि भांडारातून उत्तर आलं, की वह्यांचा विषय विचाराधीन आहे. अध्यक्ष पुढच्या सोमवारी कोट घेऊन आले, लवंगा स्वतःच काढून घेतल्या, आणि जाताना म्हणाले, फळा आता दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा करतोय. तेही पुन्हा उभे आहेत. त्यांच्यावरही भाष्य होईल आणि त्यांचं म्हणणंही सांगितलं जाईल, असं ह्यांनी त्यांना तोंडावर सांगितलंय. घोळ झाला तो खुर्च्यांचा. सभा सुटल्यावर कोणाची कुठली ते कळेना आणि हाताला लागेल ती घेऊन लोक घरी गेले. आमच्या वाट्याला न्हाव्याची फिरती आली आहे. न्हावी सध्या गिऱ्हाइकांना डॉक्टरांच्या स्टुलावर बसवतो आणि ती घरंगळतात. ह्यांना ती खुर्ची इतकी आवडली आहे की बोलता बोलता फिरत राहतात, त्यामुळे अर्धं वाक्य मला ऐकू येतं आणि अर्धं शेजाऱ्यांना.

तर दादा, हे असं आहे. नुसतं बोलून खुर्ची जागची हलत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण ती कशासाठी उचलायची हे कोणी समजावून सांगितल्याशिवाय माणूस घरून खुर्ची घेऊन निघतही नाही. मी एकोणीस वर्षं पालिकेचे कपडे कडक करून दिले आणि आतल्या माणसांचं काय चाललंय ते मला स्टुलावरच्या एका निवृत्त माणसाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तू तुमच्या गावच्या सभेला एकदा जाऊन ये. फळा कुठल्या बाजूला तोंड करून आहे तेवढं बघ. कंबरेलाही चालणं चांगलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि पत्र फाडू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. प्रभाग चारमधून मी उभी राहते आहे. मी नको म्हणत होते, पण गणिताच्या बाई म्हणाल्या, फळा ज्याने फिरवला त्याने पुढचं बघायला नको का. ह्यांनी जाहीर केलंय की नातं मध्ये येऊ दिलं जाणार नाही. काल संध्याकाळी माझ्यावर पहिलं भाष्य झालं, सतरा मिनिटांचं. त्यात उमेदवाराचा स्वभाव तापट असल्याचं आणि शर्टाच्या बाहीबाबत खुलासा अपेक्षित असल्याचं सांगण्यात आलं. मी तेव्हा दोन फुटांवर इस्त्री करत होते.

ता. क. २ – आता खरं काम. अर्ज भरून तयार आहे, फक्त वयाचा रकाना कोरा आहे, आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. तो तुझ्याकडे जुन्या कागदांत असणार. शुक्रवारच्या आत हवा. पाकीट चांगलं चिकटव, वर फक्त ‘मालकीण, लाँड्री’ असं लिही, ह्यांचं नाव अजिबात घालू नकोस. लग्नाच्या वेळी आईने आणि तू मिळून माझं वय तीन वर्षांनी कमी सांगितलंत, हे तुला आठवत असेल. मी ह्यांच्यापेक्षा एक वर्ष चार महिन्यांनी मोठी आहे हे सव्वीस वर्षं मी पोटात ठेवलंय, आणि ज्या माणसाने न्हाणीघर रिकामं झाल्याचं जाहीर केलं तो हे कसं जाहीर करेल याची कल्पना कर. अर्जाबरोबर वय फळ्यावर लागतं म्हणे. तो फळा काही दिवस भिंतीकडे फिरवून ठेवता येईल का, हे मी शिपायाला विचारलंय. उघड कारभाराबद्दल मी वर जे लिहिलंय ते या बाबतीत धरू नकोस.

ता. क. ३ – दाखला शोधू नकोस. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात हे आले. अर्जातला कोरा रकाना ह्यांनी सकाळी पाहिला असावा. काउंटरवर एक कागद ठेवला. माझा दाखला. लग्नानंतर तू माझ्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवला होतास ना, त्यात निघाला होता म्हणे, पहिल्याच वर्षी. म्हणजे सव्वीस वर्षं दर वाढदिवसाला हा माणूस मला वय विचारत होता आणि मी सांगेन तो आकडा मान डोलावून ऐकून घेत होता. मी विचारलं, माहीत होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीत. ह्यांनी गठ्ठ्यातला एक शर्ट उचलला, त्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

“त्यात लोकांचं काही अडत नव्हतं,” म्हणाले.